शेजाऱ्याची ना-हरकत

अनवरी चांदूर बाजारची. लग्न होऊन ती कोळझिऱ्याला आली तेव्हा घरामागचा तलाव पाहायला कुणी लांबून येईल असं गावात कुणाला वाटलं नसतं. डोंगराच्या पायथ्याशी सरकारनं बांधलेला तो तलाव. म्हशी त्यात डुंबायच्या, भोई जाळी टाकायचे, आणि उन्हाळ्यात काठ उघडा पडला की तिथं टरबुजाच्या वाड्या लागायच्या.

सासरचं घर पिंजाऱ्याचं. नवरा अब्दुल रहीम कापूस पिंजायचा, अनवरी गाद्यांना टाके घालायची. आसपासच्या खेड्यांत लग्न निघालं की गाद्या, रजया, उशा यांच्याकडूनच जायच्या. रहीम बोलायला कमी, हाताला पक्का. अनवरी त्याच्या उलट. जे दिसलं ते बोलणार, आणि समोर कोण आहे ते न पाहता बोलणार. सासू म्हणायची, या पोरीच्या तोंडाला झाकणच नाही.

शेजारी मोरोपंतांचा बंगला होता. मोरोपंत अमरावतीला शाळामास्तर होते, निवृत्त झाल्यावर त्यांनी इथं तलावाकाठी मोठी जागा घेऊन मधोमध छोटा बंगला बांधला. अनवरीच्या मागच्या खोल्यांची भिंत त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकलेली. मोरोपंतांची पाठ दुखायची म्हणून रहीमनं त्यांना कडक गादी करून दिली होती, आणि तेव्हापासून दोघांचा सकाळचा चहा त्या भिंतीवरूनच व्हायचा. बंगल्याची झाडं, फाटक, पाण्याची मोटर हे सगळं डोमाजी नावाचा गावातलाच एक माणूस पाहायचा.

पुढं रस्ता चांगला झाला. कुणीतरी तलावावरच्या धुक्याचे फोटो मोबाईलवर टाकले आणि शनिवार-रविवारी अमरावती-अकोल्याच्या गाड्या यायला लागल्या. एकदा अकोल्याच्या एका कुटुंबाची गाडी बंद पडली. बाईच्या कडेवर तान्हं लेकरू. अनवरीनं त्यांना समोरची खोली दिली, नव्या भरलेल्या गाद्या घातल्या, गरम भाकर खाऊ घातली. सकाळी जाताना ती बाई म्हणाली, "चाची, अशी झोप मला घरीसुद्धा लागत नाही." त्यांनीच आणखी लोकांना पाठवलं. मग मुलीनं, माहेनूरनं, घराचे फोटो काढून मोबाईलवर जाहिरात टाकली. मागच्या दोन खोल्यांना रंग दिला, खिडक्या मोठ्या केल्या, आणि पाहुणे यायला लागले.

ते वेळेवरच झालं म्हणायचं. कारण रहीमची छाती धरत चालली होती. आयुष्यभर नाकातोंडात गेलेला कापूस आता आतून बोलत होता. अमरावतीच्या डॉक्टरांनी पिंजायचं यंत्र बंद करायला सांगितलं. ओसरीतल्या यंत्रावर चादर पडली. पुढं घरात श्वासाचं मशीन आलं, ते रात्रंदिवस घरघरत राहायचं. माहेनूर अमरावतीला नर्सिंग शिकत होती. घर आता त्या दोन खोल्यांवरच चालत होतं.

मोरोपंत गेले आणि बंगला त्यांच्या मुलाकडं, यशोधनकडं आला. यशोधन नागपूरला कंपनीत होता. मुलगा वाईट नव्हता. लहानपणी सुट्टीत आला की रहीमच्या कापसाच्या ढिगात उड्या मारायचा. पण त्याला बंगला लांबूनच चालवायचा होता. त्यानं तो मोबाईलवर भाड्यानं लावला. आधी डोमाजी होता, मग त्यालाही काढून टाकलं. फाटकावर आकड्याच्या कुलपाची एक पेटी बसवली, चावी तिच्यात. पाहुण्यांना फोनवर आकडा कळायचा, ते पेटी उघडून चावी घ्यायचे. बंगल्यात कोण आलं, कोण गेलं, हे नागपुरात बसून कॅमेऱ्यात दिसतं असं यशोधन सांगायचा.

त्याच उन्हाळ्यात तलावातला गाळ काढायचं काम निघालं. गाळ शेतकऱ्यांनी नेला. गाळ संपल्यावर ठेकेदाराच्या मशिनी काठालाच लागल्या आणि मुरूम उपसून नेऊ लागल्या. बंगल्याच्या मागच्या फाटकासमोरच विहिरीसारखा खड्डा झाला. पावसात तलाव भरला आणि खड्डा पाण्याखाली गेला. वरून काहीच कळत नव्हतं. गुडघाभर पाण्यात चार पावलं टाकायची आणि पाचव्याला खाली जमीनच नाही.

यशोधन बंगल्यावर आला तेव्हा अनवरीनं त्याला भिंतीवरूनच हाक मारली.

"यशोधनभाऊ, मांगच्या फाटकाले कुलूप घाला. तिथं आता पयल्यासारखं उथळ नाही राह्यलं. अन् एखादा मानूस ठेवा इथं. डोमाजीले काहून काढलं?"

"चाची, लोक तलावासाठीच तर येतात," यशोधन म्हणाला. "फाटक बंद केलं तर येतील कशाला? मी बोर्ड लावतो तिथं."

बोर्ड लागला नाही. पोळ्याच्या सुमारास अनवरीनं त्याला फोनही केला. तो म्हणाला, "हो हो, लक्षात आहे चाची, मीटिंगमध्ये आहे." फोन बंद झाला.

भादव्यातला रविवार होता. बंगल्यात अकोल्याची कॉलेजची पोरं उतरली होती. दुपारी अनवरी गच्चीवर उशा उन्हात पालथ्या घालत होती. पोरांनी मोठ्यानं गाणी लावली होती आणि मागचं फाटक उघडून ती पाण्यात उतरत होती. ती कठड्याशी जाऊन ओरडली, "अरे पोट्टेहो, तिकडं जाऊ नका! गड्डा आहे तिथं!"

गाण्याच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही. पिवळ्या टी-शर्टमधल्या एका पोरानं वर पाहिलं. ही बाई हात हलवून आपल्याला रामराम करते आहे असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानंही हसून हात हलवला. मग तो मागं सरकला आणि दिसेनासा झाला. बाकीची पोरं हसत होती. त्यांना वाटलं, हा बुडी मारून गंमत करतो आहे.

अनवरी जिना उतरून धावली. रहीम खाटेवरून उठला, पण दारापर्यंत जाऊन तिथंच खाली बसला. गल्लीच्या टोकाला खुशालराव भोई जाळं विणत बसला होता. अनवरीची हाक ऐकताच तो जाळं टाकून पळाला आणि तसाच पाण्यात शिरला. त्याला खड्डा माहीत होता म्हणून पोरगा सापडला तरी. पण तोवर फार उशीर झाला होता.

पोराचं नाव सुगत. काठावर आणल्यावर अनवरीनं त्याच्या नाकातोंडातला चिखल ओढणीनं पुसला. खुशालराव छाती दाबत होता. दाबून दाबून तो थकला आणि बाजूला झाला. मित्र लांब उभे राहून रडत होते, जवळ यायला एकालाही धीर होत नव्हता. अनवरीनं घरातून रजईची नवी खोळ आणली, पोराला झाकलं आणि पोलिस येईपर्यंत, गाडी येईपर्यंत, त्याचं डोकं मांडीवर घेऊन चिखलात बसून राहिली. लोक म्हणाले, बाई, आता उठा. ती म्हणाली, "याचे मायबाप आले नाई अजून. मी कशी उठू?"

संध्याकाळी सरकारी दवाखान्यात सुगतचे वडील आले. धर्मपाल, एसटीत कंडक्टर. ड्युटीवरूनच आले होते, अंगावर खाकी तशीच. त्यांनी पोराला पाहिलं, मग कुणाला तरी विचारून अनवरीला शोधून काढलं आणि तिच्यापुढं हात जोडले.

"ताई, तुमी त्याले एकटं नाई ठेवलं. हे मी मरेपर्यंत नाई विसरत."

त्याच दिवशी अनवरीनं पोलिसांना जबाब दिला. बंगल्यावर माणूस नव्हता. डोमाजीला आधीच काढलं होतं. खड्ड्याचं मालकाला मी सांगितलं होतं, एकदा तोंडानं आणि एकदा फोनवर. तिनं उर्दूत सही केली. यशोधनवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला आणि बंगल्याला सील लागलं.

पेपरात आरडाओरडा झाला. तलावाकाठच्या घरांत कोण उतरतं, जबाबदार कोण, परवानगी कुणाची? कोळझिऱ्याच्या नगरपंचायतीनं नियम करायचे ठरवले आणि त्याआधी गावाची सभा बोलावली. सभेत बायका मागं बसल्या होत्या. अनवरी उठून उभी राहिली.

"मालक नाई तं त्याचा मानूस त्या घरात राह्यलाच पाहिजे," ती म्हणाली. "अन् शेजाऱ्याले इचारल्याशिवाय कोनालेच परवाना देऊ नका. आमी रोज पाह्यतो तिथं काय चालू आहे थे. ऑफिसात बसून साहेबाले काय दिसते?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि ते लिहून घेतलं.

हिवाळ्यात नियम निघाले. ऑटोवर भोंगा बांधून गावभर सांगत फिरले. पाहुणे ठेवणाऱ्या प्रत्येक घराला परवाना. मालक किंवा नेमलेला व्यवस्थापक तिथंच राहणारा. पाण्याकडच्या बाजूला कठडा. पाहुण्यांची नोंद पोलिसांत. आणि ज्याच्या इमारतीला दुसऱ्याची भिंत लागून आहे, त्यानं त्या शेजाऱ्याची ना-हरकत आणायची. परवान्याची हिरवी पाटी दारावर लागेल. पाटी नसेल ते घर मोबाईलवरूनही काढून टाकण्यात येईल. परवाना एका वर्षाचा, दर वर्षी नवा.

अनवरीला नियम पटले. तिच्याकडं सगळं होतं. ती स्वतः घरात राहत होती, कठडाही तिनं बांधून घेतला. मग नगरपंचायतीतल्या बाबूनं तिला समजावून सांगितलं की तिच्या मागच्या खोल्या यशोधनच्या भिंतीला लागून आहेत, तेव्हा त्याची ना-हरकत लागेल.

"अन् त्याले माझी?" अनवरीनं विचारलं.

"त्यांचा बंगला प्लॉटच्या मधात आहे, बाई. त्याला कोणाचीच भिंत लागत नाही. त्यांना कोणाचीच गरज नाही."

अनवरीनं कागद पिशवीत घातले. मग म्हणाली, "मी तं शेजाऱ्याले इचारा म्हटलं होतं. भिंतीले इचारा असं नव्हतं म्हटलं."

बाबू चांगला माणूस होता. तो म्हणाला, "कागदावर आलं की असंच होते."

यशोधन आपण होऊनच आला. ओसरीत चादर घातलेल्या यंत्राशेजारी बसला. तो वाळला होता, दाढी वाढलेली. आधी रहीमची तब्येत विचारली. मग खाली पाहत बोलायला लागला.

"मला झोप येत नाही चाची. त्या मुलाचा फोटो पेपरात आला होता, तो डोळ्यांपुढून जात नाही. पण मी त्याला ढकललं नाही ना? ही केस राहिली तर माझी नोकरी जाईल. लहान मुलगी आहे मला."

अनवरीनं यंत्रावरची सरकलेली चादर नीट केली.

"मी खोटं सांगा म्हणत नाही. डोमाजी म्हणतो, तो त्या आठवड्यात येऊन-जाऊन होता. तुम्ही दिवसभर कामात. तो प्रत्येक वेळी तुम्हाला दिसलाच असेल का? आणि फोनवर नेमकं काय बोलणं झालं, ते तरी शब्दन् शब्द कुणाला आठवतं?"

"मले आठवते," अनवरी म्हणाली.

"ना-हरकतीवर मी आत्ता सही करीन," यशोधन म्हणाला. "पण माझा वकील म्हणतो, जो शेजारी तुमच्याविरुद्ध जबाब देतो, त्याला ना-हरकत कशी देणार? मी काय करू, चाची, तुम्हीच सांगा."

तो गेल्यावर रहीम आतून बोलला. घरात ते दोघं आपल्या भाषेत बोलायचे. मशीनच्या घरघरीत त्याला एकेक शब्दासाठी थांबावं लागत होतं.

"मत कर, अनवरी. उस बच्चे का बाप तेरे सामने हाथ जोड के गया है."

"और तुम्हारी मशीन?" अनवरी म्हणाली. "उसका खर्चा कौन देगा?"

ती बरेच दिवस तशीच राहिली. परवान्याविना पाहुणे बंद झाले. माहेनूरच्या कॉलेजातून फीसाठी फोन आला, रहीमला एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं. मग एके सकाळी तिनं बुरखा घातला, ठाण्यात गेली आणि पुरवणी जबाब दिला. डोमाजी त्या वेळी होता की नव्हता हे मला नक्की सांगता येत नाही. मालकाशी बोलणं झालं होतं, पण ते खड्ड्याबद्दलच होतं असं आता आठवत नाही. जमादारानं मान वर केली, तिच्याकडं पाहिलं आणि लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात हिरवी पाटी तिच्या दारावर लागली.

पाहुणे परत आले. भाकर तीच, गाद्या त्याच. पण अनवरी गच्चीवर जाईनाशी झाली. उशा अंगणातच वाळवायची. पाहुण्यांची पोरं तलावाकडं निघाली की त्यांच्या मागं जायची आणि ती परत येईपर्यंत काठावर उभी राहायची. काहींना ते आवडायचं नाही. एकानं मोबाईलवर लिहिलं की जेवण छान आहे पण मालकीण पाठ सोडत नाही. माहेनूरनं ते आईला वाचून दाखवलं नाही.

पुढच्या भादव्यात दुपारच्या एसटीनं धर्मपाल आले. हातात कापडी पिशवी. त्यांनी पाटी पाहिली, दारात उभे राहिले.

"ताई, एक दिवसासाठी खोली पाह्यजे. तलाव दिसते अशी."

अनवरीनं त्यांना मागची खोली दिली. पाणी दिलं, जेवायला वाढलं. त्यांनी अर्धी भाकर खाल्ली. मग पिशवीतून फुलं आणि मेणबत्त्या काढून काठावर गेले. ती आज त्यांच्या मागं गेली नाही. खिडकीतून तिला त्यांची पाठ दिसत होती. वाऱ्यानं मेणबत्ती विझायची, ते हाताच्या आडोशानं पुन्हा लावायचे. शेवटी त्यांनी तशीच न पेटलेली मेणबत्ती मातीत रोवली, हात जोडून वंदना म्हटली आणि परत आले.

ओसरीत चहा घेताना त्यांनी बोलायला सुरुवात केली. सुगतची आई आता घराबाहेर पडत नाही. त्याचं कॉलेजचं सामान तसंच बांधून ठेवलं आहे. मग म्हणाले, "वकील सांगून राह्यला होता, केस ढिली झाली. कोन्या साक्षीदारानं जबाब फिरवला म्हन्ते. डोमाजीच असन तो. बंगलेवाल्यानं त्याले परत कामावर घेतलं म्हन्तेत."

अनवरीच्या हातात चहाचं भांडं होतं. तिनं ते खाली ठेवलं.

"डोमाजी नाई, भाऊ. त्यानं पयल्यापासूनच खोटं सांगतलं. फिरवला तो मी."

धर्मपालांना आधी ते कळलंच नाही. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, कप तसाच तोंडाशी.

"काहून?" एवढंच ते म्हणाले.

"या पाटीसाठी," अनवरी म्हणाली. "त्याची सही लागत होती. घरात दुसरं काई नव्हतं."

आत मशीन घरघरत होतं. धर्मपाल कितीतरी वेळ त्या आवाजाकडं कान देऊन बसले. मग उठले, खोलीत जाऊन पिशवी घेऊन आले. अनवरीला वाटलं, आता हा माणूस आपल्या तोंडावर थुंकेल, आणि थुंकला तरी आपण पुसायचं नाही. ते दारापर्यंत गेले आणि मागं न वळता बोलले.

"मी इथं येताना रस्ताभर इचार करून राह्यलो होतो की एक तं मानूस आहे त्या गावात." मग त्यांनी विचारलं, "कोर्टात खरं सांगसान?"

"सांगीन."

"पाटी जाईन."

"जाईन तं जाईन."

ते मुक्कामाला थांबले नाहीत. फाट्यावर जाऊन एसटीची वाट पाहत बसलेले खुशालरावला दिसले.

खटला तालुक्याच्या कोर्टात चालला. अनवरीच्या साक्षीची वेळ आली तेव्हा तिनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं ते सगळं पुन्हा सांगितलं. खड्डा, फाटक, पेटीतली चावी, फोन. मग यशोधनचा वकील उठला. तो ओरडला नाही. अगदी हळू, जणू घरातल्या मोठ्या बाईशी बोलावं तसा बोलत होता.

"बाई, पोलिसांना तुम्ही दोन वेळा जबाब दिलेत. दोन्ही खरे असू शकत नाहीत. खोटा कोणता?"

"दुसरा."

"म्हणजे पोलिसांना तुम्ही खोटं सांगितलं."

"हाव. सांगतलं."

"कशासाठी?"

"परवान्यासाठी."

"म्हणजे स्वतःचा फायदा असेल तर तुम्ही खोटं बोलता." वकिलानं मागं बसलेल्या धर्मपालांकडं बोट केलं. "हे गृहस्थ तुमच्या घरी येऊन गेले होते ना? तुमच्या पाहुण्यांच्या वहीतच नाव आहे त्यांचं. आज बोलण्यात कोणता फायदा ठरला आहे?"

अनवरी कठड्याला धरून उभी होती. ज्या बाईच्या तोंडाला झाकण नाही असं सासू म्हणायची, तिला त्या वेळी एक शब्द सुचला नाही. न्यायाधीशांनी दोनदा विचारलं, काही सांगायचं आहे का. तिनं मान हलवली. तिच्यानंतर डोमाजी उभा राहिला. आपण त्या दिवशी बंगल्यावरच होतो, पोरांना बजावलंही होतं, असं त्यानं सांगितलं आणि सांगताना सगळा वेळ पायाकडं पाहिलं.

निकाल लागायला आणखी काही महिने गेले. साक्षीत विसंगती, संशयाचा फायदा, यशोधन निर्दोष. कोर्टाच्या पायऱ्यांवर अनवरी धर्मपालांच्या समोर आली. दोघंही थांबले.

"पयल्याच जबाबावर राह्यल्या असत्या तं..." धर्मपाल म्हणाले. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पायऱ्या उतरून ते गर्दीत गेले.

परवाना नवा करायची वेळ आली तेव्हा यशोधननं ना-हरकत दिली नाही. भांडला नाही, काही बोललाही नाही, फक्त सही केली नाही. अनवरीही मागायला गेली नाही. नगरपंचायतीचा तोच बाबू आला, पेचकसानं स्क्रू सोडवून त्यानं हिरवी पाटी काढली आणि खोल्यांच्या दारांवर नोटीस चिकटवली. चिकटवताना "माफ करा, बाई," म्हणाला. मोबाईलवरचं घरही निघून गेलं. मागच्या खोल्यांत घातलेल्या गाद्या अनवरीनं गुंडाळून भिंतीशी उभ्या केल्या.

रहीम त्या थंडीत गेला. शेवटचे काही दिवस माहेनूर रजा घेऊन उशाशी होती, आणि शिकलेलं सगळं करूनही तिच्या हातात काही राहिलं नव्हतं. जनाजा निघाला तेव्हा डोक्याला रुमाल बांधून यशोधन गल्लीत सगळ्यात मागं उभा होता. कब्रस्तानापर्यंत चालत गेला, त्यानंही मूठभर माती टाकली. बायका अनवरीला सांगायला आल्या. ती म्हणाली, "आला तं आला. त्याच्या बापाचे दोस्त होते हे."

सील निघून बंगला आता सुरू आहे. पाण्याकडं लोखंडी कठडा आहे, मागच्या फाटकाला कुलूप आहे, भिंतीवर तरंगायची लाल चाकं टांगलेली आहेत. डोमाजी तिथंच राहतो, व्यवस्थापक म्हणून दारावरच्या पाटीखाली त्याचं नाव आहे. नियमात जे जे आहे ते सगळं तिथं आहे. त्यानंतर त्या काठाला कुणी बुडालेलं नाही, हेही खरं आहे.

अनवरी घराला कुलूप लावून अमरावतीला माहेनूरकडं आली. माहेनूर एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. दोघी भाड्याच्या खोलीत राहतात. अनवरी मुलींच्या एका होस्टेलच्या खानावळीत भाकरी थापते. तिथल्या बायकांना ती फार कमी बोलणारी वाटते.

निकालाविरुद्ध सरकार वर जाणार की नाही, हे बरेच दिवस कळत नव्हतं. एका दुपारी, भाकरी उरकून ती बाहेर पायरीवर बसली असताना, धर्मपालांचा फोन आला. कोर्टाच्या पायऱ्यांनंतर ते पहिल्यांदाच बोलत होते. त्यांनी रहीमचं ऐकलं होतं. ते कधी, कसं झालं, एवढं विचारलं. मग म्हणाले, "अपील नाई करत म्हन्ते सरकार. मुदत निंगून गेली. तुमाले सांगावं वाटलं."

"बोलावलं तं मी येईन, भाऊ," अनवरी म्हणाली. "कितीबी खेपा येईन."

फोनमध्ये त्यांच्या मागं बसस्टँडवरचा भोंगा वाजत होता, कुठल्याशा गाडीचं नाव पुकारत होते.

"आता कोनी नाई बोलावत, ताई," धर्मपाल म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "माह्या गाडीची वेळ झाली. ठेवतो."